पेरॉक्साइड घालूनही लगदा पिवळाच निघतो? मात्रा वाढवण्याआधी हे तपासा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा दोष हाच आहे का ते कळेल. कागदाचा लगदा रोजच्यासारखा भिजवलेला, रसायनं रोजच्याच मापाने, वाफही तेवढीच. पण लगदा उजळवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत टाकीवर जाड फेस चढतो आणि लगदा फुगून वर तरंगतो. दोन तासांनी मूठभर पिळून पाहावं, तर पांढरा व्हायचा सोडून घातला होता त्याहूनही पिवळट. दुसऱ्या दिवशी तेच. मग आठवडाभर सगळं सुरळीत, आणि पुन्हा एक दिवस फेस.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं हातकागदाचं छोटं युनिट आहे. लग्नपत्रिकांचा जाड कागद आणि फाइलची कव्हरं काढतो. टॉवेलच्या कारखान्यांतली सुती कात्रणं आणि लाकडाचा यांत्रिक लगदा (लाकूड यंत्रावर दळून केलेला) असं आमचं मिश्रण असतं. कात्रण आधीच ब्लीच होऊन आलेलं असतं, त्याचा त्रास नाही. लाकडाच्या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा रंगीत पदार्थ, तसंच असतं, म्हणून तो वेगळा पेरॉक्साइडने उजळवून घ्यावा लागतो. हा पिवळा दोष मी तीन उन्हाळे सोसला. आमच्या टाकीवरचे मामा दरवेळी म्हणायचे, "मालक, त्यानं कॅनमध्येच पाणी मारलंय." मलाही तसंच वाटायचं. विक्रेत्याशी दोनदा वाद घातला, एकदा विक्रेताही बदलला. कॅनमधला माल तपासल्यावर तो पूर्ण ताकदीचा निघाला आणि मला जाऊन त्या माणसाची माफी मागावी लागली.

म्हणून माझं पहिलं सांगणं: फेस दिसला की पेरॉक्साइडची मात्रा वाढवू नका. मी कोरड्या लगद्याच्या २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलो, सोबत कॉस्टिक सोडाही वाढवला, आणि लगदा आणखी पिवळा झाला. पेरॉक्साइड कमी पडत नव्हतं, त्याला दुसरंच काहीतरी खात होतं. खाणाऱ्याला जास्त वाढून चोरी थांबत नाही.

पिवळेपणा येतो कुठून

पेरॉक्साइड कॉस्टिकच्या पाण्यात गेलं की त्याचा पेरहायड्रॉक्सिल आयन तयार होतो. लिग्निनमधल्या रंगीत गटांवर हाच आयन काम करतो. लिग्निन जागेवरच राहतं, फक्त त्याचा रंग जातो. पेरॉक्साइडला दुसरी वाटही मोकळी असते: पाणी आणि ऑक्सिजन होऊन मोडून जाणं. टाकीवरचा फेस हा तोच ऑक्सिजन. ५० टक्के पेरॉक्साइड २ किलो घातलं आणि सगळं असं मोडलं, तर साधारण ३३० लिटर ऑक्सिजन सुटतो. लगदा तरंगून वर येतो तो त्यामुळेच.

यातली महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. गरम कॉस्टिकमध्ये लिग्निन आपोआप पिवळं पडतं. पेरॉक्साइड शिल्लक असेपर्यंत तो पिवळेपणा तयार होता होताच पुसला जातो. पेरॉक्साइड अर्ध्या तासात संपलं, तर उरलेला दीड तास लगद्यावर एकटं कॉस्टिक काम करत राहतं. तेव्हा पिवळा लगदा पाहून 'पेरॉक्साइड लागू पडलं नाही' असं म्हणण्याऐवजी 'ते वेळेआधी संपलं' असं म्हणा. लगेच पुढचा प्रश्न समोर येतो: किती वाजता संपलं?

हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. टाकीतलं पाणी गाळून १० मिली घ्या, त्यात पातळ सल्फ्युरिक आम्ल घाला आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेटचे थेंब सोडत जा. फिकी गुलाबी छटा टिकली की थांबा. परमँगनेटचा १ मिली म्हणजे १.७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड. लगद्याच्या पाण्यातली विरघळलेली घाणही थोडं परमँगनेट खाते, म्हणून बारीक हिशोब हवा असेल तर आयोडाइड आणि थायोसल्फेटची पद्धत वापरावी. चोर पकडायला मात्र परमँगनेट पुरेसं आहे. माझ्या मापात सुरुवातीला सुमारे १२ मिली लागतात आणि शेवटी दीड ते अडीचच्या दरम्यान लागायला हवेत. शेवटी थोडं पेरॉक्साइड उरणं ही उधळपट्टी नाही, ती लगद्याची राखण आहे. फेसाच्या दिवशी मी २५ व्या मिनिटाला मोजलं, तर पहिल्याच थेंबाला गुलाबी रंग टिकला. टाकीत काहीच उरलं नव्हतं.

गड्ड्याने दिलेला धागा

आम्ही सगळे उन्हाळ्याला दोष देत होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर उभं राहवत नाही. उष्णतेने पेरॉक्साइड उडतं, एवढं सरळ उत्तर होतं.

पण एका वर्षी हाच फेस जानेवारीत आला. सिद्धेश्वरांच्या गड्ड्यासाठी, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेसाठी, युनिट पाच दिवस बंद होतं. घाईत कोणीतरी लगदा भिजवून ठेवला होता, तो पाच दिवस तसाच पाण्यात राहिला. सुट्टीनंतरच्या पहिल्याच बॅचला टाकी फेसाने भरली, आणि बाहेर तर स्वेटर घालायची थंडी होती. ऊन हे कारण असतं, तर संक्रांतीत फेस का यावा?

त्या टाकीवर वाकलो, तेव्हा तळ्याच्या काठासारखा आंबूस वास आला. वासापेक्षाही ते बुडबुडे मला ओळखीचे वाटले. युनिट टाकण्याआधी मी अकरा वर्षं टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये ब्लीचिंगवर होतो. तिथे टॉवेल पेरॉक्साइडने पांढरा केला की रंगाईआधी उरलेलं पेरॉक्साइड मारावं लागतं, नाहीतर रंग नीट चढत नाही. त्यासाठी जे औषध घालतात त्याला सगळे 'पेरॉक्साइड किलर' म्हणतात. ते कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. अगदी थोडंसं घातलं तरी दहा-पंधरा मिनिटांत सगळं पेरॉक्साइड पाणी होऊन जातं. जखमेवर पेरॉक्साइड लावल्यावर फेस येतो, तो आपल्या रक्तातल्या कॅटलेजमुळे.

हेच कॅटलेज जिवाणूही तयार करतात, स्वतःला पेरॉक्साइडपासून वाचवण्यासाठी. ओला लगदा, कोमट पाणी आणि चार दिवसांची सवड मिळाली की टाकीत जिवाणूंची वस्ती होते. उन्हाळ्यात तेच काम एका रात्रीत उरकतं. म्हणजे ज्या किलरचे प्रोसेस हाऊस पैसे मोजतं, तो माझ्या टाकीत फुकट तयार होत होता.

बरण्यांची परीक्षा

अंदाजावर विसंबू नका, एक दुपार काढून ही परीक्षा करा. पारदर्शक बरण्या, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, रबरी हातमोजे आणि चष्मा एवढं हवं. बरणीचं झाकण कधीही लावायचं नाही. आत ऑक्सिजन सुटतो, बरणी फुटेल.

पहिली जोडी कॉस्टिक न घालता करायची. संशयित लगदा पिळून ५० ग्रॅमचे दोन गोळे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा दहा मिनिटं खळखळून उकळा आणि गार होऊ द्या. दोन्ही बरण्यांत डिस्टिल्ड पाणी घालून साधारण अर्धा लिटर करा आणि प्रत्येकीत ५० टक्के पेरॉक्साइड २ मिली टाका. कॅटलेज साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला जोरात काम करतं. धातूंमुळे होणारी मोडतोड मुख्यतः कॉस्टिक आणि उष्णता मिळाली की जोर धरते. म्हणून न उकळलेल्या बरणीत फेस आला आणि उकळलेली शांत राहिली, तर चोर कॅटलेजच. उकळल्याने एन्झाइम मरतं, धातू मरत नाहीत. मार्चमधल्या माझ्या परीक्षेत सुरुवातीला दोन्ही बरण्यांना परमँगनेट सुमारे १४ मिली लागलं. वीस मिनिटांनी न उकळलेलीला जेमतेम १ आणि उकळलेलीला १३. मामांना बोलावून दाखवलं, तेव्हापासून त्यांनी कॅनमधल्या पाण्याचं नाव काढलेलं नाही.

दुसरी परीक्षा धातूंसाठी. आता तिन्ही बरण्यांत उकळलेलाच लगदा घ्यायचा, म्हणजे कॅटलेजचा प्रश्न मिटतो. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत कारखान्यात वापरता तेच पाणी. तिसरीतला लगदा आधी डीटीपीएच्या (धातूंना धरून ठेवणारं रसायन) कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पिळून घ्या आणि मग डिस्टिल्ड पाण्यात घाला. तिन्हींत अर्धा ग्रॅम कॉस्टिक आधी विरघळवा, शेवटी २ मिली पेरॉक्साइड टाका आणि बरण्या ६० अंशांच्या गरम पाण्यात ठेवा. पाऊण तासाने तिन्ही मोजा. फक्त तुमच्या पाण्याची बरणी रिकामी झाली असेल, तर दोष पाण्यात. डिस्टिल्ड पाण्यातलीही उतरली आणि डीटीपीएवाली टिकली, तर धातू लगद्यातच आहेत. ते लाकडातून आलेले असतील किंवा लगदा कुटायच्या तुमच्या बीटर यंत्रातून.

मला वाटलं होतं एकच चोर सापडेल. मेमध्ये दुसरी परीक्षा केली तेव्हा बोअरच्या पाण्याची बरणी ४ मिलीवर आलेली, डिस्टिल्डची १० वर होती. म्हणजे दोन चोर: लगद्यातलं कॅटलेज आणि पाण्यातलं लोखंड-मँगनीज. उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, मग आम्ही बोअरवर येतो, आणि बोअर आटला की टँकरवर. त्यामुळे हे दोघे नेमके एकाच ऋतूत येतात. दर वर्षी एक उपाय करून पाहिला तरी दोष परत यायचा, त्याचं कारण हे.

लगद्यातला चोर

माझी मोठी चूक अशी होती की मी गार लगद्यातच पेरॉक्साइड ओतून मग वाफ सोडायचो. ३५ अंशांवरून ६५ वर यायला चाळीस मिनिटं लागत आणि ती सगळी चाळीस मिनिटं कॅटलेजला मेजवानी असायची. आता लगदा आधी ७५ अंशांवर नेऊन वीस मिनिटं धरतो, मग ७० च्या आसपास येऊ देतो आणि त्यानंतरच रसायनं घालतो. एवढ्या एका बदलाने माझा अर्ध्याहून अधिक त्रास गेला. काही जिवाणूंचं एन्झाइम उष्णतेला चिवट असतं, म्हणून तापवलेल्या लगद्याचा नमुना एकदा बरणीत पाहून घ्यावा.

शिवाय लगदा रात्रभर भिजत ठेवणं बंद केलं. सकाळी भिजवायचा, त्याच दिवशी उरकायचा. पिळून निघालेलं पाणी पुन्हा भिजवायला घेत होतो, ते उन्हाळ्यात घेत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हे सांगताना जड जातं, पण तेच पाणी जिवाणूंचं विरजण असतं. ते पाणी आता बीटर आणि फरशी धुवायला जातं. टाकीच्या भिंतींवरचा बुळबुळीत थर आठवड्याला घासून काढतो. त्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरली, तर टाकी स्वच्छ पाण्याने नीट खळखळून घ्या. पावडरमधलं क्लोरीन आणि पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात, आणि तुम्ही पुन्हा फेस बघत बसाल.

पाण्यातला चोर

सोलापुरात कोणालाही विचारा, 'पाणी जड आहे म्हणून' हे उत्तर तयार असतं. मीही सॉफ्टनर घ्यायला निघालो होतो. पण पाणी जड होतं कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, आणि ते पेरॉक्साइड मोडत नाहीत. मॅग्नेशियम तर उलट त्याला सांभाळतं. मोडतात ते लोखंड, मँगनीज आणि तांबं, तेही अगदी थोड्या प्रमाणात असले तरी. बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवा. उपसताना काचेसारखं दिसलेलं पाणी सकाळी तळाशी तांबूस गाळ देत असेल, तर लोखंड आहे. असं पाणी उघड्या टाकीत उंचावरून पाडून रात्रभर निवू द्यावं आणि वरवरचं घ्यावं. लोखंड बरंच खाली बसतं. मँगनीज इतक्या सहज बसत नाही.

मँगनीजसाठी डीटीपीए. कोरड्या लगद्याच्या ०.२ ते ०.५ टक्के, पीएच ५ ते ६, पाणी ५० ते ६० अंश, अर्धा तास. मग ते पाणी काढून लगदा पिळायचाच. पहिल्या वर्षी मी ही पिळणी टाळली होती आणि धातू टाकीतच राहिले. ईडीटीएही चालतं, पण पुढच्या कॉस्टिकच्या पाण्यात लोखंडाला धरून ठेवायला डीटीपीए जास्त भरवशाचं.

आणि भांडी बघा. आमच्या टाकीला स्टीलचा पत्रा होता, पण वाफेचा पाइप साधा लोखंडी आणि एक कॉक पितळी. पितळात तांबं असतंच. ते दोन्ही स्टेनलेसचे केले. गंजाचे डाग पडलेला लगदा पेरॉक्साइडने उजळत नाही. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून जो निळसर काळपट रंग येतो, तोही जात नाही. तिथे पेरॉक्साइड वाया घालवू नका, गंज येतोय तिथेच थांबवा.

माझं सध्याचं माप

५० किलो कोरडा लगदा धरून, पाण्यासकट एकूण ५०० किलो. पाण्यात आधी मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम विरघळवायचं. मग सोडियम सिलिकेटचं द्रावण दीड किलो, तेही पातळ करूनच; घट्ट सिलिकेटवर मॅग्नेशियम गेलं की गुठळ्या होतात. मग कॉस्टिक ७५० ग्रॅम. पेरॉक्साइड ५० टक्क्यांचं २ किलो, सगळ्यात शेवटी. ६५ ते ७० अंश, दीड ते दोन तास. सुरुवातीचा पीएच ११ च्या आसपास, शेवटचा ९ ते ९.५. शेवटी पेरॉक्साइड उरत नसेल आणि फेसही नसेल, तर आधी कॉस्टिक थोडं कमी करून पाहा. प्रोसेस हाऊसवाले सिलिकेटला नाकं मुरडतात, कारण टॉवेल कडक होतो. कागदाला तो धोका नाही. टाकीवर पांढरा थर मात्र बसतो, जड पाण्यात जास्तच.

संपल्यावर लगदा धुऊन पातळ आम्लाने पीएच ५ ते ६ वर आणा. कॉस्टिक तसंच राहिलं तर वाळताना पुन्हा पिवळी झाक येते.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगा: लिग्निन कागदात राहतंच, त्यामुळे उन्हात ठेवला तर तो पुढे पिवळा पडणार. जपून ठेवायच्या कागदासाठी निव्वळ सुती लगदा वापरा. आणि तपकिरी, न उजळवलेला क्राफ्ट लगदा (लाकूड रसायनात शिजवून काढलेला) एका पेरॉक्साइडमध्ये पांढरा होईल अशी आशा ठेवू नका; मी दोन बॅच घालवून पाहिल्या आहेत.

कॅनबद्दलही सांगितलंच पाहिजे. ५० टक्के पेरॉक्साइड कातडीवर पडलं की कातडी पांढरी पडून चरचरते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. पाण्याचा नळ हाताशी असल्याशिवाय कॅन उघडू नका. कॅनचं भोकाचं झाकण बदलू नका, आतला वायू त्यातूनच बाहेर पडतो. मापात उरलेलं पुन्हा कॅनमध्ये ओतू नका. गंजाचा कण किंवा धूळ आत गेली की सगळा कॅन तापत जातो. सांडलेलं फडक्याने किंवा लाकडाच्या भुश्याने टिपू नका, ते पेट घेऊ शकतं. भरपूर पाणी मारा. पत्र्याखाली उन्हात कॅन ठेवत असाल, तर आजच सावलीत हलवा.

यंदा गड्ड्याच्या सुट्टीआधी टाकी पूर्ण उपसली, घासली, कोरडी ठेवली. सुट्टीनंतरच्या पहिल्या बॅचला शेवटी परमँगनेट २.१ मिली लागलं, पीएच ९.२ आला, फेस नाही. मे महिन्यातला टँकर मात्र अजून सुटलेला नाही. दर फेरीला पाणी वेगळं येतं, आणि आलेल्या प्रत्येक टँकरची बरणी लावेपर्यंत अर्धा दिवस जातो. म्हणून सध्या फेब्रुवारीपासूनच नळाचं पाणी दोन बंद टाक्यांत साठवतो, ते फक्त ब्लीचिंगला वापरतो, आणि टँकरचं पाणी धुण्या-पुसण्याला सोडतो.